पहाटेची किक

दिवाळी सरते, पराटी पांढरी होते आणि दुकानात एकाच तक्रारीच्या गाड्या यायला लागतात. "दुपारी एका किकेत चालू होते भाऊ, पण सकाळच्या पारी काई केल्या आयकत नाई." गाडी टू-स्ट्रोक असते, मालक शेतकरी असतो आणि तो येतो दुपारी, गावातली कामं उरकून. मी किक मारतो, गाडी लगेच चालू होते. मालक ओशाळतो. "पाय बरं! तुमच्यासमोर कशी शहाण्यासारखी झाली."

त्यात ओशाळण्यासारखं काही नसतं. थंड इंजिनाचा दोष थंड इंजिनातच दिसतो. दोन-तीन किलोमीटर चालून आलेली गाडी, तीही दुपारच्या उन्हात, मेकॅनिकला काय सांगणार? तरी आमच्या धंद्यात बहुतेक निदानं दुपारीच होतात, कारण दुकान दहाला उघडतं. मग अंदाजाने प्लग बदलला जातो, तो नाही तर कॉइल, तीही नाही तर बोर-पिस्टन. गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि पहाटेचं दुखणं तसंच राहतं. मला याची चीड आहे, म्हणून हे लिहितो आहे.

माझं दुकान वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, हिंगणीहून बोरधरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पलीकडे बोरचं जंगल. २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे, पण त्याच्या कित्येक वर्षं आधीपासून जंगलाच्या काठाकाठाने लोकांची वावरं आहेत. हरभरा जमिनीवर आला की रानडुकरं येतात, तुरीत रोही शिरतात. त्यात शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा मिळते आणि काही दिवस रात्री. म्हणजे ऐन थंडीत माणूस रात्री ओलिताला जातो, नाही तर जागलीला मचाणावर बसतो. गाडी धुऱ्यावर उभी असते. तिच्यावर रात्रभर दहिवर पडतं, पारा दहाच्या आसपास उतरतो. पहाटे पाणी देणं आटोपलं, अंग ओलं आहे, घरी जाऊन गाई पिळायच्या आहेत आणि दूध डेअरीत पोचवायचं आहे. अशा वेळी गाडी चालू होत नाही म्हणजे काय होतं, ते शहरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्याला कळायचं नाही. वाघाच्या हद्दीतून माणूस पायी घरी येतो.

या भागात अजूनही टू-स्ट्रोक का टिकून आहेत, असं नवीन पोरं विचारतात. उत्तर पांधणीवर आहे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांधणीत चाक रुतलं की हलकी गाडी दोघांनी उचलून काढता येते. चिखलात कमी वेगातही टू-स्ट्रोक ओढते, आणि बिघडली तर चार पान्यांत उघडते. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक, हलणारं मुख्य सामान तेवढंच.

मी शिकलो तेव्हा आमच्याकडे तीन गाड्यांचं राज्य होतं. राजदूत १७५, जिचा मूळ नमुना पोलंडमधल्या एसएचएल गाडीचा. यामाहा आरएक्स १००, १९८५ साली आली आणि १९९६ ला बंद झाली, पण तिचं नाव काढलं की आजही दुकानातली माणसं हातातलं काम थांबवतात. आणि बजाजची एम-एटी, १९८६ ची. मागे कापसाची दोन गाठोडी, पुढे पाय ठेवायच्या जागी ढेपेचं पोतं, अशी ती धुऱ्यावरून जायची. बजाज ऑटोची सुरुवात १९४५ मध्ये बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने झाली, आणि ते बछराज म्हणजे आमच्या वर्ध्याचे शेठ बछराज, ज्यांच्या घरी जमनालालजी बजाज दत्तक आले. पुढे या कंपनीने इटलीच्या व्हेस्पा मागवल्या, मग पुण्याजवळ स्कूटर बनवल्या. वर्ध्याच्या एका पेढीचं नाव अशा रीतीने या धुराड्या इंजिनांच्या मुळाशी आहे, हे मी दुकानात येणाऱ्या पोरांना आवर्जून सांगतो. बहुतेकांना ते माहीत नसतं.

आता थंडीत नेमकं काय होतं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजावर चालतं.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा थेट पिस्टनच्या डोक्यावर जात नाही. पिस्टन वर जाताना ते मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये खेचलं जातं, पिस्टन खाली येताना तिथे दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी वर ढकललं जातं. इंजिन गरम असलं की पेट्रोलची वाफ होते आणि ती हवेत नीट मिसळते. थंड असलं की तेच पेट्रोल, वरणाच्या झाकणाला वाफ धरते तसं, क्रँककेसच्या भिंतींना थेंबाथेंबाने धरतं. प्लगपर्यंत पोचते ती नुसती हवा आणि पेट्रोलचा वास. हवा जास्त, पेट्रोल कमी. पेट घेणार कसं? म्हणून थंड इंजिनाला सुरुवातीला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त पेट्रोल द्यावं लागतं. चोक असतो तो त्यासाठी.

आणि हा चोक म्हणजे नुसती हवा अडवणारी झडप, असं बरेच जण समजतात. काही गाड्यांत तसं असतंही. पण मिकुनी पद्धतीच्या कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे स्वतंत्र छोटा कार्बोरेटरच आहे. त्याला वेगळं जेट, पेट्रोल यायची वेगळी वाट, हवेची वेगळी वाट. चोकचा दांडा वर केला की एक बारीक प्लंजर उचलला जातो आणि ती वाट उघडते. इंजिन ओढेल तेव्हाच त्या वाटेने पेट्रोल चढतं. आणि ओढ जोरात लागते ती एक्सलेटर पूर्ण बंद असतानाच. एक्सलेटर पिळला की मोठी वाट उघडते, हवा तिकडून सुसाट आत जाते आणि चोकच्या वाटेला काही खेच उरत नाही. आपल्याकडे दहातले नऊ जण किक मारताना एक्सलेटर पिळतात. गरम गाडीला ते चालून जातं. थंडीत त्यानेच सगळं अडतं.

एका आरएक्स १०० चं सांगतो. जंगलालगतच्या गावचे काकाजी, वय साठीच्या पुढे, गाडी त्यांनी स्वतः नवी घेतलेली. माझ्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी तिचा प्लग, कॉइल आणि शेवटी बोर-पिस्टन बदलून झालं होतं. दुखणं जागच्या जागी. माझ्यासमोर दुपारी गाडी घड्याळासारखी चालली. मी म्हटलं, "काकाजी, गाडी ठेवून जा. रात्रभर बाहेर उभी राहू द्या."

"मंग मी ओलिताले जाऊ कायनं?"

मी माझी गाडी दिली. त्यांची आरएक्स अंगणात निंबाखाली उभी केली, कॉक बंद करून, ते वावरात करतात तशीच. पहाटे उठलो तेव्हा सीटवरून दहिवर निथळत होतं. कॉक उघडला, चोक वर केला, एक्सलेटरला हात न लावता किक मारली. काही नाही. पुन्हा मारली, तसंच. एवढ्यावर थांबलो, कारण जास्त किका मारल्या की इंजिन काय सांगत होतं ते पुसलं जातं. लगेच प्लग काढला.

प्लग कोरडा होता. टोक तांबूस, वास नाही, ओल नाही. दोन किकांनंतर प्लग ओला असता तर करंटचा संशय घेतला असता, नाही तर पेट्रोल जास्त झालंय असं समजलो असतो. कोरडा प्लग म्हणजे पेट्रोल वर पोचतच नाही. तरी खात्री करायची म्हणून प्लग हेडला टेकवून अंधारात किक मारली. करंट निळा, जाड, आवाज करणारा. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली. दाब अंगठा उडवेल इतका. म्हणजे बदललेलं बोर-पिस्टन नवंच होतं, फक्त ते बदलायची गरज होती का, हा प्रश्न वेगळा. मग चहाच्या चमच्याने थोडं पेट्रोल भोकातून आत सोडलं, प्लग बसवला, किक मारली. इंजिन दोन-तीनदा फटफटलं, धूर सोडला आणि मेलं.

त्या दोन-तीन फटक्यांत सगळं आलं. करंट आहे, दाब आहे, पेट्रोल हाताने दिलं की पेटतं; स्वतःहून मात्र ते येत नाही. पण हीच गाडी दुपारी आरामात चालते, न्यूट्रलला संथ चालत राहते. म्हणजे टाकी, कॉक, फ्लोट, मेन जेट, पायलट जेट सगळं ठीक. मग उरली एकच वाट, जी फक्त थंडीत लागते.

कार्बोरेटरचा बाऊल काढला आणि पांढऱ्या ताटलीत ठेवला. बाऊलच्या एका कोपऱ्यात बोटाचं टोकही जाणार नाही एवढी वेगळी विहीर असते. वरून कार्बोरेटरची एक पितळी नळी त्या विहिरीत उतरते, आणि तीच चोकला पेट्रोल देते. विहिरीत पेट्रोल येतं ते तळाशी असलेल्या एका भोकातून, सुईच्या टोकाएवढ्या. बाऊल पेट्रोलने भरलेला होता. विहीर मात्र तळाशी हिरवट तपकिरी मेणाने माखलेली. बाऊल पुसून कोरडा केला आणि फक्त विहिरीत पेट्रोल टाकलं. ते तिथेच उभं राहिलं. खालून एक थेंब बाहेर आला नाही.

ते साचलेलं पेट्रोल बघताना मला जो आनंद झाला, तो सांगता येणार नाही. काकाजींचे इतके पैसे ज्याने खाल्ले ते कारण ताटलीत समोर होतं.

बाऊल थिनरमध्ये भिजत घातला. मग वायरमधली तांब्याची एकच तार घेऊन भोक हळूहळू मोकळं केलं. इथे घाई करणारे सुई किंवा सायकलच्या ब्रेकची पोलादी तार घालतात. तसं कधी करू नये. त्या भोकाचं माप हेच त्या जेटचं काम आहे; तांब्यापेक्षा कठीण काही घातलं की पितळ खरवडलं जातं, भोक मोठं होतं आणि पुढच्या थंडीत गाडी पेट्रोलने बुडते. शेवटी पंपाने हवा मारली, पुन्हा पेट्रोल टाकलं. या वेळी ते तळातून बाऊलमध्ये सरकन उतरलं.

ती वाट बंद का झाली, याचं कारण शोधल्याशिवाय मी गाडी देत नाही. आरएक्सला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो. काकाजींच्या गाडीचा पंप कोणी तरी कधीच काढून टाकला होता आणि ते टूटी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून टाकत. त्यात काही गैर नाही. पण पावसाळ्यात पांधण बंद होते आणि गाडी गोठ्यात उभी राहते. बाऊलमधलं पेट्रोल उडून जातं, ऑइल आणि चिकटा मागे राहतो. मग गाडी पुन्हा धावायला लागली की मेन आणि पायलट जेटमधून पेट्रोल सतत वाहतं आणि ते धुतले जातात. चोकच्या वाटेने मात्र उन्हाळा-पावसाळ्यात काहीच वाहत नाही, आमच्या उन्हात चोक लावतो कोण? मार्गशीर्ष येतो तेव्हा ती वाट आठ महिने बंद असते.

काकाजी दुसऱ्या पहाटे आले, मीच बोलावलं होतं. गाडी पुन्हा रात्रभर बाहेर होती. मी म्हटलं, तुम्हीच मारा किक. त्यांनी चोक वर केला, सवयीने एक्सलेटर अर्धा पिळला आणि किक मारली. गाडी नुसती खोकली. मी त्यांचा हात मुठीवरून बाजूला केला. "काकाजी, एक्सलेटर सोडा. आधी चाबी बंद ठेवून दोन कोऱ्या किका मारा, मग चाबी लावा." त्यांनी तसं केलं आणि गाडी लागली. धुरामागे उभे राहून ते म्हणाले, "इतक्या वर्षात हे कोनं सांगतलंच नाई नं बावा."

खरं आहे, सांगत नाही कोणी. मेकॅनिक गाडी दुरुस्त करतो, हात दुरुस्त करत नाही. त्या गाडीत दोन दोष होते, एक बाऊलमध्ये आणि एक मनगटात, आणि एकाच दोषावर काम केलं असतं तर ती पुन्हा माझ्याकडे आली असती.

त्यानंतर मी एक खूण दिवसाही तपासायला लागलो. गाडी गरम होऊन संथ चालत असताना चोक वर करायचा. चोकची वाट मोकळी असेल तर आवाज लगेच बदलतो, इंजिन जड होतं, धूर वाढतो. काहीच बदललं नाही तर चोक मेला आहे. यात अर्धं मिनिट जातं. पण ही खूण फक्त चोकपुरती. बाकीच्या दुखण्यांना पहाटच लागते.

त्यातलं सर्वांत दगाबाज म्हणजे क्रँकचा ऑइल सील. क्रँककेसमध्ये हवा दाबली जाते म्हणून तिथे फट असून चालत नाही. जुन्या गाडीचं रबर टणक होतं. गरम झालं की थोडं फुगतं आणि शाफ्टला धरतं, थंडीत आखडतं आणि बाजूने हवा ओढतं. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला तर आत कोरडी हवा येते, मिश्रण आणखी पातळ होतं, आणि मॅग्नेटच्या मागे तेलकट ओल दिसते. क्लच बाजूचा गेला तर इंजिन गिअर ऑइलच पिऊ लागतं. चालू झाल्यावर पांढरा दाट धूर, आणि गिअर ऑइल कुठे गेलं ते कळत नाही. एम-एटीसारख्या जुन्या पॉइंटवाल्या गाड्यांत आणखी एक भानगड. रात्रभरच्या ओलाव्याने पॉइंटवर काट चढतो. पॉलिश पेपरचा एक हात आणि फिलर गेजने ०.३ ते ०.४ मिलिमीटरची फट, एवढ्यावर काम होतं. प्लग कॅपच्या आत वायरचं टोक हिरवं पडलेलं असेल तर तेवढं टोक कापून पुन्हा बसवायचं. हे सगळं स्वस्तातलं काम आहे, आणि आधी तेच करायचं असतं.

अलीकडे या यादीत पेट्रोलचीच भर पडली आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. ऊस आणि मका लावणाऱ्याला त्याचा भाव मिळतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणजे थंडीत पेटायला आणखी जड. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं आणि बाऊलमधली ती चोकची विहीर तळालाच असते. रात्रभर दहिवरात उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीला हे सोसत नाही. जुनी रबरी वॉशर, फ्लोट निडलची टोकं फुगलेली मी दर आठवड्याला बघतो. म्हणून ज्यांच्या गाड्या महिना-महिना उभ्या राहतात, त्यांना मी सांगतो की मृगाच्या आधी कॉक बंद करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या आणि बाऊलचा खालचा स्क्रू सोडून उरलेलं पेट्रोल काढून टाका. दसरा झाला की नवं पेट्रोल भरा. ज्यांनी ऐकलं त्यांचं कार्बोरेटरचं काम निम्म्याने कमी झालं.

सामानाचा प्रश्न मात्र वाढत चालला आहे. नवीन किटमध्ये चोकचं जेट नसतंच, कारण ते बाऊलमध्ये पक्कं बसवलेलं असतं. म्हणून मोडीत निघालेल्या गाड्यांचे बाऊल मी भंगारवाल्याकडून वजनावर घेऊन ठेवतो, एकेक धुऊन, विहिरीत पेट्रोल उतरतं का ते बघून. माझ्याकडे शिकणाऱ्या पोराला पहिलं काम तेच देतो. तो आधी कंटाळायचा. आता भोक बंद असलेला बाऊल सापडला की मला बोलावून दाखवतो.

थंडीत मी दुकान पहाटे उघडतो. आदल्या संध्याकाळी आलेल्या गाड्या अंगणात उघड्यावर ठेवतो आणि उन्हं यायच्या आत एकेकीचा प्लग काढतो. शेजारी आधी हसायचे, आता त्यांच्याच गाड्या असतात. सध्या एक एम-एटी आहे, दुधाच्या कॅनची. तिचा मालक मॅग्नेटचा सील बदलायचा म्हणून हट्ट धरून बसला आहे, कोणीतरी त्याला तसं सांगितलंय. सील मी वर्ध्याहून आणून ठेवला आहे. पण आधी उद्या पहाटे पॉइंट बघणार, मग प्लग ओला की कोरडा ते, आणि त्यानंतरच सीलला हात लावणार.